अक्षरांनो, जरा बसून घ्या!

माणसाने आयुष्यात एक तरी वैर मनापासून जपावं, असं माझं मत आहे. वैर नसलेला माणूस निवृत्तीनंतर फार लवकर खचतो. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांचं वैर कबुतरांशी आहे. वय ऐंशीच्या पुढे, पण पहाटे पाचला काठी घेऊन गॅलरीत ताजेतवाने हजर! दुसऱ्या एकांचं वैर शेजारच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशी आहे. त्यांचा रक्तदाब त्या टाकीनेच टिकवून धरला आहे. मी मात्र कबुतरांच्या वाटेला जात नाही. माझं वैर नाचणाऱ्या अक्षरांशी आहे.

नाचणारी अक्षरं म्हणजे काय, हे हल्ली कुणाला समजावून सांगायला नको. मोबाइलवर लग्नाचं आमंत्रण येतं. आधी गणपती गरगर फिरतो. सोनेरी धुरळा उडतो. मग वरून 'चि.' पडतो, डावीकडून 'सौ. कां.' घरंगळत येते, आणि दोघांची नावं एकेक अक्षराने, दाढ उगवावी तशी, वेदना देत उगवतात. आडनाव येईपर्यंत आपण चष्मा पुसून घेतो. पुढे वीस सेकंद नुसता घोडा नाचतो. आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप, तो मुहूर्त आणि ते कार्यालय एका सेकंदात चमकून नाहीसं होतं. आमच्या घरी असं आमंत्रण आलं की सौ. पेन घेऊन बसते, मी बोटाने चित्र थोपवून धरतो, आणि दोघं मिळून पोलिसांनी पळत्या गाडीचा नंबर टिपावा तसा मुहूर्त टिपतो. पूर्वीची लाल-पिवळी पत्रिका कशीही असली, तरी हातातून पळून जात नव्हती. एकदा भिंतीवरच्या खिळ्याला टोचली की लग्नाच्या दिवसापर्यंत मुकाट्याने लटकायची.

या नाचाचा कारखाना आमच्याच घराण्यात निघावा, हा दैवदुर्विलास. माझ्या बहिणीच्या मुलाचं पनवेलात व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. लग्न, मुंज, वाढदिवस, पुढाऱ्यांचे सत्कार आणि वर्षश्राद्धं असा त्याचा सर्वसमावेशक धंदा. शत्रूचा गड आतून पाहावा म्हणून मी अधूनमधून तिथे जाऊन बसतो.

"मामा, याला रिव्हील म्हणतात," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे अक्षरं एकदम दाखवायची नाहीत. हळूहळू उघड करायची."

"लपवलेली असतात का?"

"आपणच लपवायची. आणि आपणच दाखवायची."

सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून एकतीस वर्षं काढल्यामुळे ही कार्यपद्धती मला अगदीच अपरिचित नव्हती.

पण कारागिरी समजून घेतल्याशिवाय टीका करू नये, म्हणून मी त्याच्याकडून सगळं रीतसर शिकून घेतलं. आफ्टर इफेक्ट्स नावाचा एक प्रोग्राम आहे. तो १९९३ साली अमेरिकेत निघाला आणि पुढच्याच वर्षी ॲडोबी कंपनीकडे गेला. त्यात एक ओळ लिहायची आणि तिच्यावर 'ॲनिमेटर' बसवायचा. ओपॅसिटी, म्हणजे अक्षराचा ठसठशीतपणा, शून्य करायचा की ओळ अदृश्य! मग 'स्टार्ट' नावाचा एक आकडा असतो. वेळेच्या पट्टीवर त्याची एक खूण शून्य टक्क्यावर ठोकायची, आणि दोन सेकंदांनंतर दुसरी शंभर टक्क्यांवर. मधला हिशेब यंत्र करतं आणि डावीकडून एकेक अक्षर उजळत जातं. एवढाही त्रास घ्यायचा नसेल, तर तयार नाच असतात. टाइपरायटरसारखी टकटक येणारी अक्षरं आहेत, पावसासारखी कोसळणारी आहेत, गोल गिरक्या घेणारी आहेत. बटण दाबलं की नाच सुरू.

आता खरी गोम ऐका. त्याच जागी 'बेस्ड ऑन' म्हणून एक छोटी यादी असते. तिच्यात चार पर्याय: सुटी अक्षरं, मधली मोकळी जागा वगळून सुटी अक्षरं, शब्द आणि ओळी. म्हणजे अक्षराअक्षराने नाचवायचं, शब्दाशब्दाने आणायचं की अख्खी ओळ एकदम आणायची, हे माणसाने ठरवायचं असतं. यंत्र फक्त विचारतं. आणि ते आधीपासून 'सुटी अक्षरं' धरून बसलेलं असतं, म्हणून आमचा भाचाही तेच धरून बसतो.

इंग्रजीला हे खपून जातं. रोमन अक्षरं म्हणजे बंगल्यांची कॉलनी. प्रत्येकाचं कुंपण वेगळं, फाटक वेगळं. एक बंगला आधी बांधला, दुसरा मागाहून, तरी कुणाचं काही अडत नाही. आपली अक्षरं चाळीत राहतात. वरून एकच शिरोरेघ, म्हणजे सगळ्यांचं छप्पर सामाईक. कुणाच्या डोक्यावर मात्रा, कुणाच्या पायाशी उकार, कुणी शेजाऱ्याला अर्धा बिऱ्हाडात घेतलेला. अशा चाळीतलं एकेक बिऱ्हाड उचलून हवेत गिरक्या खायला लावलं, की छपराचे तुकडे होतात आणि 'पनवेल' हा शब्द चार ठिगळांचा दिसू लागतो.

त्यात यंत्राची अक्षराची कल्पना आणि आपली कल्पना एक नाही. 'विद्यार्थी' हा शब्द घ्या. पहिलीतलं पोरसुद्धा सांगेल, वि-द्या-र्थी, तीन अक्षरं. संगणकाच्या पोटात मात्र तो दहा तुकड्यांत साठवलेला असतो. वेलांटी वेगळी, काना वेगळा, पाय मोडण्याची खूण वेगळी. जो प्रोग्राम हे तुकडेच मोजत बसतो, त्याच्या पडद्यावर विद्यार्थी असा जन्म घेतो: व, वि, विद, विद्, विद्य, विद्या, विद्यार, विद्यार्, विद्यार्थ, आणि मग एकदाचा विद्यार्थी! यात 'र'चे हाल पाहा. बिचारा आधी जमिनीवरून चालत येतो, मग त्याचा पाय मोडतो, आणि 'थ' येताच तो त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. वेलांटीचंही तेच. 'व' आधी येऊन उभा राहतो, आणि ही नंतर येऊन त्याला बाजूला सारून पुढे घुसते. बँकेच्या रांगेत असं कुणी केलं तर आपण ऐकून घेतो का?

आणि छापखान्यांतले जुने फाँट अजून कितीतरी दुकानांत चालू आहेत. त्यांची तऱ्हा तिसरीच. तिथे 'श'सुद्धा अर्धा 'श' आणि काना जोडून होतो. म्हणजे अर्धा 'श' एकट्याने लटकत येतो आणि क्षणभराने काना काठीसारखा येऊन त्याला आधार देतो. पनवेलात १८७२ सालापासून आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे, 'धूतपापेश्वर'. दीडशे वर्षांहून जुनं नाव. समजा, ते कुणी या पद्धतीने पडद्यावर आणलं आणि 'धूत'पाशी क्षणभर थांबलं, तर लोक कपडे धुण्याची पावडर समजून पुढे जातील. 'श्वर' येईपर्यंत कोण थांबतो?

हा दोष केवळ आपल्याला दिसला असंही नाही. जगातल्या साऱ्या लिप्यांना संगणकात जागा देणारं युनिकोड १९९१ साली आलं. अक्षराचे तुकडे कुठे करावेत आणि कुठे करू नयेत, याचे त्यांचे नियम आहेत. त्यात देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं फोडू नयेत, असं कलम २०२३ साली घातलं गेलं. बत्तीस वर्षं लागली, पण कुणीतरी बसून विचार केला. तेव्हा यंत्राला शिकवता येतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती बहिणीच्या मुलाबद्दल.

मी त्याला म्हटलं, "अरे, आपल्या लग्नात रिव्हील पूर्वीपासून आहे. अंतरपाट! दोन बाजूंनी दोघे धरून उभे राहतात, मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो आणि नवरी अख्खी दिसते. आधी नथ, मग नाक, मग एक कान टुणकन उडी मारून आला, असं कधी पाहिलंयस?"

तो हसला. म्हणाला, "मामा, तसंही करता येतं. त्याला मॅट म्हणतात. अक्षरांपुढे एक चौकोन ठेवायचा आणि तो सरकवायचा."

"मग कर की!"

"गिऱ्हाईक म्हणतं, हलत नाहीये. हलत नसेल तर पैसे कशाचे?"

इथे मात्र मला खरा गुन्हेगार सापडला. तो भाचा नव्हे, आफ्टर इफेक्ट्सही नव्हे, ते आपण. आपल्याला काय लिहिलंय याचे पैसे द्यायचे नसतात, किती हललं याचे द्यायचे असतात. भाजीवाल्याकडे आपण भेंडी मोडून बघतो. अक्षरं मोडून दिली तर मात्र 'वा, वा' म्हणून पैसे मोजतो.

मराठीची आणखी एक अडचण आहे. अक्षरांऐवजी शब्द नाचवले तरी ती सुटत नाही. आपलं क्रियापद येतं शेवटी, आणि नकार तर त्याच्याही मागून येतो. पाणीकपातीच्या दिवसांत एका सोसायटीच्या उत्साही सेक्रेटरींनी साधी सूचना लिहायची सोडून मोबाइलवर एक हलती सूचना करून पाठवली. निळ्या पार्श्वभूमीवर थेंब पडतायत. मग 'उद्या' आला. उसळी मारून थांबला. 'पाणी' आलं, लाटेसारखं डोलत. 'येणार' आलं, गिरकी घेऊन. आणि मग थोड्या विश्रांतीनंतर, संगीताच्या ठेक्यावर, तळातून 'नाही' वर आलं. तोवर निम्म्या बिऱ्हाडांनी 'पाणी येणार' एवढी शुभवार्ता वाचून मोबाइल खाली ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्या सोसायटीत जे संवाद झाले, त्यांचं रिव्हील मी इथे करत नाही. मराठी वाक्याचा जीव शेपटीत असतो. ते वाक्य द्यायचं तर अख्खं द्यावं.

आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला हलणारं काही बघवत नाही. तसं मुळीच नाही. अक्षरं हलावीत, पण कारण असेल तेव्हा हलावीत. हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' या १९५९ सालच्या चित्रपटाची श्रेयनामावली सॉल बास यांनी केली. पडद्यावर तिरक्या रेघांची जाळी उमटते, नावं तिच्यावरून लिफ्टसारखी वरखाली सरकतात, आपल्या मजल्यावर थांबतात, वाचून होईपर्यंत थांबलेली राहतात. आणि ती जाळी म्हणजेच एका उंच इमारतीची काचेची भिंत, हे मागून उलगडतं. नाव चालत येतं, पण अखंड येतं आणि उभं राहतं. मूकपटांच्या काळी संवादांच्या पाट्या यायच्या, त्याही आल्या की निमूट थांबायच्या. थिएटरात ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवू शके. पळणाऱ्या पाटीवर हे परोपकाराचं काम कुणी केलं असतं?

आणि अक्षर जागचं न हलताही बोलू शकतं, हे आपल्याला कुणी परदेशातून येऊन सांगायला नको. कमल शेडगे वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी अक्षरं काढत. नाटक हसवणार की रडवणार, हे नावाच्या वळणावरून कळायचं. कागद स्थिर, अक्षर स्थिर, तरी आत काहीतरी चाललेलं असायचं. र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार. विंडोजमधला 'मंगल' फाँट त्यांचा. अक्षराला किती ताणावं आणि कुठे सोडून द्यावं, हे ज्यांना हातातून कळत होतं अशी ही माणसं. त्यांचा वारसा आपण 'टुण्ण' असा आवाज काढणाऱ्या वेलांटीच्या हाती दिला.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला विचारात घ्यावा लागला. तो म्हणाला, "मामा, तुम्ही स्वतः टाइपरायटरवर जन्म काढलात. तिथेही अर्धं अक्षर आधी आणि काना मागून, असंच चालायचं ना?"

चालायचं. मराठी टाइपरायटरवर काही मात्रांच्या कळा तर अशा होत्या, की त्या दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नसे. आधी मात्रा, मग तिच्याखाली अक्षर. पण ती आमची मजुरी होती. साहेबांच्या टेबलावर कागद जायचा तो पुरा होऊन. 'साहेब, या, मी काना कसा मारतो ते बघा,' असं आमंत्रण मी एकतीस वर्षांत कुणाला दिलं नाही. आचारी कांदा चिरताना रडतो, म्हणून पंगतीतल्या पाहुण्यांनीही रडायचं का?

त्याचा दुसरा मुद्दा असा, की हल्ली लोक घाईत असतात, तीन सेकंदांत त्यांचं लक्ष खेचलं नाही तर गेले. मी म्हणतो, घाईतल्या माणसासाठीच अक्षर उभं हवं. कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो. तिथे गाड्या शंभरच्या वेगाने पळतात आणि पाट्या जागच्या जागी उभ्या असतात. 'लोणावळा' एकेक अक्षराने उगवायला लागला, तर 'ळा' येईपर्यंत माणूस पुण्यात पोचेल. वाचणारा आणि अक्षर, या दोघांपैकी एकाने तरी उभं राहावं, एवढं साधं तत्त्व आहे. काही बसगाड्यांवर गावाचं नाव दिव्यांतून सरकत जातं. तिथे बसही धावते, नावही धावतं, आणि हात वर करून उभ्या असलेल्या आजीबाईंना फक्त '...ल मार्गे' एवढं दिसतं. लक्ष खेचलं हे खरं. पण खेचलेलं लक्ष वाचायला उरायला नको का?

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एक बाई वारल्या. चाळीस वर्षं त्यांनी पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला शिकवली. शिरोरेघ पाटीला समांतर नसेल तर त्या पुसून पुन्हा काढायला लावत. ओरडत नसत, आपलं बोट मुलाच्या बोटावर ठेवून रेघ सरळ नेत. या गावातल्या निम्म्या सह्यांना ते बोट लागलेलं आहे. त्यांच्या शोकसभेत मंचामागे मोठा झगझगीत पडदा लावला होता. दुकान भाच्याचं नव्हतं, दुसऱ्याच कुणाचं होतं. दिवे मंद झाले. पडद्यावर 'भा' उडी मारून आला. मग 'व'. मग 'पू' उसळला आणि दोनदा झुलला. 'श्रद्धांजली'तला अर्धा 'द' बराच वेळ एकटाच उभा होता. मग बाईंचं नाव आलं. त्यात एक जोडाक्षर होतं. ते दोन दिशांनी दोन तुकड्यांत आलं आणि नीट जुळलंच नाही. मध्ये फट राहिली, शिरोरेघ तुटलेली, आणि त्या तुटलेल्या नावाखाली तासभर लोक बाईंच्या वळणदार अक्षराबद्दल बोलत होते.

माझ्या शेजारी एक पन्नाशीचा रिक्षावाला बसला होता. बाईंचा जुना विद्यार्थी. पडद्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "काका, बाईंनी पुसायला लावलं असतं." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं उरलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी भाच्यापुढे तहाच्या अटी ठेवल्या आहेत. फार नाहीत, चारच. पहिली: अक्षर फोडायचं नाही. ओळ आणा, शब्द आणा, अंतरपाट सरकवा, पण वेलांटीला एकटीला रस्त्यावर सोडू नका. दुसरी: नकार असलेलं वाक्य एकदम अख्खं आणायचं. तिसरी: आलेली ओळ साध्या माणसाला सावकाश दोनदा मोठ्याने वाचता येईल इतका वेळ निश्चल उभी राहिली पाहिजे, आणि तारीख, वेळ, पत्ता असेल तर तीनदा. घोड्याचे सेकंद कापून मुहूर्ताला द्यावेत. चौथी: गेलेल्या माणसाचं नाव हलवायचं नाही. ते जागेवरच असावं. बाकी सगळं हललेलं असतंच.

भाच्याने पहिली, तिसरी आणि चौथी मान्य केली आहे. दुसरीबद्दल तो म्हणतो, बघू. आणि गिऱ्हाइकांनी विचारलं, की हलत का नाही, तर काय सांगायचं, असा त्याचा प्रश्न आहे. मी म्हटलं, सांग, की आपल्या भाषेत याला अक्षर म्हणतात. अक्षर म्हणजे जे झरून, ओघळून नाहीसं होत नाही ते. आपल्या पूर्वजांनी हे नाव विचार करून ठेवलेलं असणार. आणि तरीही गिऱ्हाईक ऐकेना, तर त्याला माझ्याकडे पाठवून दे. मी रिकामाच असतो, आणि वैर जपायला मला हल्ली भरपूर वेळ असतो.